सारं बराबर चालन ना?

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या बर्डीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात बारावीची परीक्षा नुकतीच आटोपलेला वाटावा असा एक मुलगा काउंटरला टेकून उभा होता, शेजारी त्याचे वडील. उन्हातून आल्यावर डोक्याचा दुपट्टा सोडून त्यांनी गळ्यात घेतला होता. शर्टाच्या आतल्या खिशातून त्यांनी पाचशेच्या नोटा काढल्या, अंगठ्याला थुंकी लावून दोनदा मोजल्या. चव्वेचाळीस. म्हणजे बावीस हजार. मुलाला हव्या त्या ग्राफिक्स कार्डाचं नाव पाठ होतं, आरएक्स ६६००. दुकानातल्या पोराने मागच्या रॅकवरून खोकं काढलं, काउंटरवर ठेवलं आणि मुलाने ते लगेच दोन्ही हातांनी जवळ ओढलं. बिल निघेपर्यंत तो उत्साहात आपल्या मशीनबद्दल सांगत होता: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, आता असलेलं जीटीएक्स १६५० कार्ड, साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर, एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबत आलेला. खेळायचं काय, तर मुख्यतः वॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम. वडिलांनी सगळ्या व्यवहारात एकच प्रश्न विचारला, "हे लावल्यावर सारं बराबर चालन ना?" आणि पोराने बिलावरची नजर न उचलता सांगितलं, "हो ना काका, पळन नुसतं."

ते "हो ना काका" अजून डोक्यातून जात नाही.

दुकानदाराने फसवलं असं म्हणता येणार नाही. कार्ड चांगलं आहे, बिल पक्कं होतं, भावही बाजाराला धरून होता. पण काकांचा प्रश्न त्या दुपारी दुकानात बोलला गेलेला सगळ्यात नेमका प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मुलाच्या बोलण्यातच पडलेलं होतं. सहा-सात सुटे भाग एकमेकांच्या भरवशावर चालतात, त्यातला एक बदलला की बाकीच्यांवर काय येतं, हेच तर ते विचारत होते. हा मुलगा वॅलोरंट खेळतो. हा गेम ग्राफिक्स कार्डावर फारसा भार टाकत नाही, त्याची भूक प्रोसेसर आणि रॅमची. १६५० वरही तो १०८० पीला (साध्या फुल एचडी पडद्यावर) सेकंदाला शंभराच्या वर फ्रेम, म्हणजे चित्रं, देतो. त्यातल्या साठच मॉनिटरवर उमटतात, कारण मॉनिटर ६० हर्ट्झचा. बावीस हजारांचं कार्ड लावून तो आकडा थोडा वाढेलही, पण डोळ्यांना दिसणाऱ्या फ्रेम साठच्या साठच राहतील. आणि ऐन चकमकीत गेम जो अर्धा सेकंद अडकतो, ज्याच्यामुळे हा सगळा हट्ट सुरू झाला असणार, तो अडकतच राहील.

तो अडकतो कशामुळे, हे शोधायला एक रुपया लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकायचं. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी ते चालतं. त्यासोबत रिव्हाट्यूनर येतं, ते गेमच्या कोपऱ्यात आकडे दाखवतं. चार गोष्टी चालू करायच्या: कार्डाचा वापर टक्क्यांत, कार्डाचं तापमान, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एकाच वेळी काम करणाऱ्या त्याच्या प्रत्येक हाताचा) वेगवेगळा वापर, आणि भरलेली रॅम. प्रोसेसरचा एकत्रित आकडा पाहून इथे पुष्कळ जण चकतात. बारा थ्रेडचा प्रोसेसर एकूण ४५ टक्के दिसतो, माणूस म्हणतो अजून निम्मा रिकामाच आहे. प्रत्यक्षात एकच थ्रेड शंभरावर टेकलेला असतो आणि सगळा गेम त्याच्यामागे रांगेत उभा असतो. अर्धा तास खेळायचं. कार्ड ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड कमी पडतंय, त्यावर खर्च केला तर फळ मिळेल. कार्ड ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि फ्रेम तरी वाढत नसतील, तर कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट पाहतंय. तरीही शंका राहिली तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणायचं. फ्रेम भरभर वाढल्या तर अडचण कार्डाची. तेवढ्याच राहिल्या तर कार्ड निर्दोष आहे, पैसे दुसरीकडे जायला हवेत. फ्रेमवर लावलेली मर्यादा आणि व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरशी बांधणारी सेटिंग) मात्र आधी बंद करायचं, नाहीतर ही सगळी परीक्षा खोटी ठरते.

या मुलाच्या मशीनमध्ये रॅमची ८ जीबीची एकच स्टिक. विंडोज, ब्राउझर आणि डिस्कॉर्ड मिळून त्यातले चार-पाच जीबी सहज खातात. उरलेल्यात गेम मावत नाही, मग विंडोज जादाचा माल हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. फिरणारी हार्ड डिस्क ओळीने वाचायला बसली तर सेकंदाला शे-दीडशे एमबी वाचते, पण तुकडे गोळा करत हिंडायचं म्हटलं की रडकुंडीला येते. तो अर्ध्या सेकंदाचा झटका बहुतेक वेळा इथूनच येतो. दुसरा तोटा एकच स्टिक असण्याचा. प्रोसेसरला रॅमपर्यंत जायला दोन वाटा आहेत, एका स्टिकने एकच उघडते. तेवढीच आणखी एक स्टिक लावली की दोन्ही वाटा सुरू होतात आणि रायझनवर त्याचा फरक सरासरी फ्रेमपेक्षाही त्या अडखळण्यात जास्त जाणवतो. चार खाचांच्या बोर्डावर स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. पहिल्या दोन शेजारी-शेजारी दिसतात म्हणून तिथेच दाबणारे कारागीरही पाहण्यात आहेत. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायचं, काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात. हे न केल्यास ३२०० ची रॅम मुकाट्याने २१३३ किंवा २४०० वर चालत राहते आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर स्पीड लिहिलेला असतो, पाहायला दहा सेकंद लागतात. २६०० सारख्या जुन्या रायझनचा अधिकृत वेग २९३३ चा आहे. ३२०० वर मशीन मधेच निळा पडदा दाखवू लागलं तर रॅम परत करायला धावू नये, वेग २९३३ वर आणून पाहावा.

२०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घ्यायला सुरुवात केल्यावर रॅमचे भाव असे चढले की बजेटवाल्या मुलांचं सगळं गणित विस्कटलं. पण डीडीआर४ ची (याच मशीनमध्ये बसणाऱ्या प्रकारच्या रॅमची) जुनी स्टिक घ्यायला हरकत नाही. तिच्यात फिरणारं, झिजणारं काही नसतं. घेतल्यावर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवायचं. सकाळी एकही चूक दाखवत नसेल तर निश्चिंत व्हायचं. प्रोसेसरही जुना चालतो, फक्त मागच्या पिना उजेडात तिरप्या धरून पाहायच्या. जुनं कार्ड घेताना विकणाऱ्याच्या घरी बसून अर्धा तास भार टाकून बघायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं राबवून नाणी कमावणं) बंद पडल्यावर दिवसरात्र राबलेली बरीच कार्डं जुन्या बाजारात आली. त्यांची चिप सहसा टिकते, पंख्यांचे बेअरिंग आणि मेमरीवरचे थर्मल पॅड मात्र गेलेले असतात. एसएमपीएस आणि हार्ड डिस्क जुनी कधीही घेऊ नये, फुकट दिली तरी.

एसएमपीएसचं दुःख असं की तो विकत आणून कुणालाच आनंद होत नाही.

कार्डाच्या खोक्यावर रंग असतात, दिवे असतात, मित्रांना फोटो पाठवता येतो. एसएमपीएस म्हणजे काळा पत्र्याचा डबा, तोही कॅबिनेटच्या तळाशी झाकलेला. या मुलाच्या कॅबिनेटसोबत जो आला असेल त्यावर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेलं असणार. ते वाचून थांबायचं नाही. डब्याच्या कुशीला एक स्टिकर असतो, त्यावर बारीक अक्षरांचा तक्ता, त्यात एक रकाना +१२ व्ही. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही याच बारा व्होल्टवर जगतात. त्याखाली अँपिअरचा जो आकडा असेल त्याला बाराने गुणायचं. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या डब्यांवर तिथे पुष्कळदा १६ सापडतो. सोळा बारं एकशे ब्याण्णव. ४५० वॅटच्या डब्यात कामाचे वॅट १९२. जुनं १६५० कार्ड ७५ वॅटचं, सगळी वीज मदरबोर्डाच्या खाचेतूनच घेणारं. प्रोसेसरचे सत्तर-ऐंशी, बोर्ड, डिस्क, पंखे यांचे चाळीसेक. काठाकाठाने निभावलं. आरएक्स ६६०० एकटंच १३२ वॅटचं. बेरीज अडीचशेवर गेली. शिवाय ग्राफिक्स कार्डं क्षणभरासाठी सरासरीच्या कितीतरी वर उसळी मारतात, तो झटका कुठल्याच बेरजेत दिसत नाही.

मग काय होतं ते ठरलेलं आहे. डेस्कटॉपवर सगळं सुरळीत, पिक्चर लागतो, हलके गेमही चालतात. एखाद्या भारी गेममध्ये मोठा स्फोट झाला की पडदा काळा आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद. मुलगा ड्रायव्हर बदलतो, विंडोज नव्याने टाकतो, कार्ड सदोष आहे म्हणून दुकानात नेतो. दुकानातल्या मशीनवर ते तासभर ठणठणीत चालतं आणि तो ओशाळून परत येतो. या डब्यांना कार्डाची आठ पिनांची वायर बहुधा नसतेच. मग साठ-सत्तर रुपयांची मोलेक्स (जुन्या डिस्कना वीज देणारी चार पिनांची जोडणी) ते आठ पिनांची जोडवायर सुचवली जाते. आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट वाहणं अपेक्षित आहे. स्वस्त डब्याच्या बारीक तारा आणि सैल मोलेक्स पिना एवढ्या भाराला तापतात, प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. ती जोडवायर घेऊ नका, एवढं मी प्रत्येकाला हात जोडून सांगेन. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ३६ च्या आसपास आकडा असतो. ६६०० च्या वर्गातल्या कार्डाला तो पुरतो, ५५० चा घेतला तर पुढच्या खरेदीलाही उपयोगी.

आपल्या गावात याला उन्हाचीही किनार आहे. स्वस्त डब्यावरचा दावा पुष्कळदा २५ अंशांच्या खोलीतला असतो, चांगल्या कंपन्या ४० किंवा ५० अंशांवरचा देतात. नवतपात (मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत) बाहेर पंचेचाळीस, वरच्या मजल्यावरची खोली, स्लॅब दिवसभर भाजलेला. कूलर लावूनही आत चौतीस-पस्तीस. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानासोबत जवळपास अंशाला अंश चढतं. डिसेंबरात खोली बावीसवर असताना जे कार्ड ६८ ला बसलेलं असतं ते मेमध्ये ८२ ला जातं आणि स्वतःचा वेग स्वतःच उतरवतं. काही मुलं हिवाळ्यात खूश असतात आणि उन्हाळ्यात नवं मशीन मागतात, त्यामागे एवढंच असतं. मागणी करण्याआधी कॅबिनेट गच्चीवर नेऊन ब्लोअरने साफ करावं. ब्लोअर मारताना प्रत्येक पंखा बोटाने धरून ठेवावा. हवेने तो गरगरू दिला तर बेअरिंग बिघडतं. समोर अख्खी काच असलेलं कॅबिनेट असेल तर ती काच एक दिवस काढून तापमान पाहावं. सात-आठ अंश उतरले तर जाळीच्या कॅबिनेटचा किंवा पुढे दोन पंख्यांचा खर्च कुठल्याही कार्डापेक्षा आधी करावा.

आणि कूलर. खसचा तो ओला वास, खिडकीत बसवलेला लोखंडी डबा, पंप सुरू झाल्यावर ताट्यांवरून उतरणारं पाणी: नागपूरच्या उन्हाळ्यात याच झोताखाली अभ्यासही होतो आणि गेमही. त्या गार हवेमुळेच मशीन टिकतं, हे खरं. पण कॅबिनेट थेट झोतात ठेवलं की तीच हवा खारवट बोअरच्या पाण्याचे बारीक तुषार आणि खसचे तुसे आत नेते. दोन उन्हाळ्यांनी उघडलेल्या कॅबिनेटच्या पत्र्यावर पांढरी भुकटी आणि स्क्रूंवर गंज दिसतो. झोतापासून बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच, एवढं केलं तरी पुष्कळ. हंगामात पहिल्यांदा कूलर लावाल तेव्हा तासभर मशीन बंद ठेवा, ताट्यांमधला वर्षभराचा कचरा उडून जाऊ द्या.

याच मुलाला प्रोसेसर बदलायचा झाला तर बी४५० बोर्डाची एक कृपा आहे. २०१८ चा २६०० काढून २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० त्याच खाचेत बसतो. वॅलोरंटसाठी तर कार्डापेक्षा हाच बदल मोठा. पण बायोस आधी, प्रोसेसर नंतर. जुना प्रोसेसर काढून नवा बसवला आणि बायोस जुनाच असला तर पंखे फिरतात, पडदा काळाच राहतो, आणि नवा प्रोसेसर मेला असं वाटून घरात रडारड होते. बोर्डाचं नाव रिव्हिजनसकट वाचायचं, कंपनीच्या साइटवर त्याच्या यादीत ५६०० समोर कुठली बायोस आवृत्ती लिहिली आहे ते बघायचं, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून फाइल टाकायची. हे काम वळवाचा पाऊस घोंघावत असताना संध्याकाळी करायचं नाही. बायोस लिहिला जात असताना लाईन गेली तर बोर्ड तिथेच संपू शकतो. यूपीएस असेल तर त्यावर, नसेल तर सकाळी. बायोस बदलला की जुन्या सेटिंग पुसल्या जातात. एक्सएमपी पुन्हा चालू करावं लागतं. विंडोज ११ असेल तर टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सेटिंग चालू आहेत ना तेही पाहावं लागतं, नाहीतर वॅलोरंट उघडायलाच नकार देतो.

जुना कूलिंग पंखा काढताना या पिढीच्या रायझनवर हमखास घोळ होतो. मधली पेस्ट वाळून गोंदासारखी झालेली असते. पंखा सरळ वर ओढला की प्रोसेसर खाचेतून उपटून त्याच्यासोबतच येतो, खटका बंद असतानाही, आणि १३३१ पिनांपैकी दोन-चार वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर गरम करायचा, मशीन बंद करून वायर काढायची, स्क्रू सोडवायचे आणि पंखा बरणीच्या झाकणासारखा डावी-उजवीकडे हलक्या हाताने फिरवायचा. सुटल्याचं बोटांना कळतं. मगच वर. नवी पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी, मधोमध.

मॉनिटरचं थोडक्यात. वॅलोरंट खेळणाऱ्याला ६० वरून १४४ हर्ट्झवर गेल्यावर जो फरक दिसतो तो कुठल्याही कार्डाने मिळत नाही, हे माझं ठाम मत आहे. केबल मात्र मदरबोर्डाच्या मागे न लावता कार्डाला लावायची आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ स्वतः निवडायचा. नवा मॉनिटर महिनोन् महिने ६० वरच चालतोय असं कितीतरी घरांत सापडतं.

म्हणजे त्या बावीस हजारांचं काय व्हायला हवं होतं? रॅमची दुसरी स्टिक आणि ५०० जीबीची एसएसडी, दोन्ही आधी. एसएसडीने फ्रेम वाढत नाहीत, पण डिस्कवर धावाधाव करणारे झटके आणि लोडिंगची वाट पाहणं दोन्ही संपतं. मग १४४ हर्ट्झचा मॉनिटर. उरले त्यात एसएमपीएस, आणि कार्डाचा विचार पुढच्या वर्षी. त्या आठवड्याच्या भावात चारही बसले नसते तर एसएमपीएस थांबला असता, कारण १६५० त्यावर चालतंच आहे. पण नवं कार्ड येईल त्या दिवशी एसएमपीएस त्याच्याआधी घरात हवा. असा ढीग घेऊन गेलेला मुलगा खूश झाला असता का, हे मात्र मला खात्रीने सांगता येत नाही. चार खोकी, एकावरही त्याच्या स्वप्नातलं नाव नाही. त्या दिवशी त्याचा चेहरा पाहून त्याला थांबवायला जीभ रेटली नाही, हेही तितकंच खरं.

दुकानाच्या पायरीवर काकांनी दुपट्टा पुन्हा डोक्याला गुंडाळला. मुलगा गाडीवर मागे बसला, खोकं पोटाशी धरून. रस्त्यावरचं डांबर चमकत होतं.

काका, घरी गेल्यावर खोक्याचं सील लगेच तोडू नका. कॅबिनेट मागून पाहा, एका कडेला हाताने फिरणारे दोन स्क्रू असतील. वायर काढून ते सोडवा, पत्रा मागे सरकवा आणि मोबाइलचा टॉर्च आतल्या काळ्या डब्यावर धरा. तळाशी झाकलेला असेल तर दुसऱ्या बाजूचा पत्रा काढा. स्टिकरवर +१२ व्ही लिहिलेल्या रकान्याखालचा आकडा वाचा. तिथे १६ असेल, तर पाचशेच्या त्या चव्वेचाळीस नोटांचं बिल खोक्यासोबतच ठेवा आणि उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, मुलाला घेऊन परत दुकानात या.